काचेची छोटी स्प्रे बाटली: वास काचेत नाही, पंपात राहतो

महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून दोन वर्षांपूर्वी दहा मिलीच्या तीन काचेच्या स्प्रे बाटल्या घेतल्या होत्या. तिन्हींचे मिळून १८० रुपये. पुण्याला जाताना परफ्यूमची मोठी बाटली पर्समध्ये कशाला, म्हणून. तिसरी त्याच दिवशी हातातून सुटून फुटली, पण तिचा कोरा पंप मी डबीत जपून ठेवला. तो पुढं फार उपयोगी पडला.

या बाटल्यांबद्दल माझं मत चांगलंच आहे, आणि ते एका अडचणीतून पक्कं झालं. ऑक्टोबरात लेक सातव्या महिन्याची माहेरी आली. माझ्या एका बाटलीत कायम व्हॅनिलाचा परफ्यूम असायचा. तिला तो वास आला की उमळून यायचं. तिला रुमालावर मारायला गुलाबपाणी हवं होतं. दुसऱ्या बाटलीत मोगरा होता, तोही तिला नको होता. म्हणून व्हॅनिलाचीच बाटली रिकामी करून धुवायला घेतली.

भांड्याच्या लिक्विड साबणानं, कोमट पाण्यानं तीनदा धुतली. वास तसाच! सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात, म्हणून नुसत्या पाण्याचा इलाज तोकडा पडतो. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास लवकर उडतात; व्हॅनिला, कस्तुरी, चंदन मात्र दिवसेंदिवस चिकटून बसतात. माझा भाचा राजारामपुरीत मोबाईल दुरुस्त करतो. ते लोक बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्याच्याकडून थोडं आणलं. सॅनिटायझर यासाठी घेऊ नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि पंप चिकट होतो.

तिसरा हिस्सा अल्कोहोल भरलं, झाकण लावून हलवलं, मग पंप पंधरा-वीस वेळा दाबला, म्हणजे ते नळीतून आणि तोंडातून जाईल. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी ओतून नवीन भरलं. असं तीन रात्री. हे करताना खिडक्या उघड्या ठेवल्या, गॅस बंद आणि देवघरातली समई विझवलेली. अल्कोहोल झटकन पेट घेतं. लेकीला त्या खोलीत येऊच दिलं नाही.

चौथ्या दिवशी पंप काढून बाटली उन्हात उघडी ठेवली. संध्याकाळी नाकाशी धरली तर काच अगदी स्वच्छ, वासाचा मागमूस नाही. पंप हुंगला, तर आत व्हॅनिला होताच! प्लास्टिकची नळी आणि आतली रबरी चकती तेल शोषून घेतात, काच घेत नाही. तेव्हा ध्यानात आलं, मी तीन दिवस काचेशी झगडत होते आणि वास होता पंपात. फुटलेल्या बाटलीचा कोरा पंप बसवला, आटे तंतोतंत जुळले. गुलाबपाणी भरून कागदावर मारलं, लेकीनं हुंगलं आणि म्हणाली, "आई, आता बरं वाटतंय." तो जुना पंप मी परत व्हॅनिलासाठीच ठेवलाय.

म्हणून घेताना दोन गोष्टी बघा. तोंड आट्याचं हवं, म्हणजे पंप सुटून येतो. पत्र्याच्या टोपीनं दाबून बसवलेला पंप निघत नाही, आत हात पोचत नाही. आणि खालून भरायच्या त्या छोट्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या दिसायला देखण्या, पण आत बहुधा प्लास्टिकची टाकी असते. त्यांत एकच परफ्यूम ठेवायचा असेल तरच घ्या. अत्तर मात्र यातल्या कशातच नको. ते तेलकट आणि दाट, पंप तुंबतो. त्यासाठी तोंडाशी फिरती गोळी असलेली रोल-ऑन बाटली बरी.

तक्रार एकच: त्या दुकानात सुटा पंप मिळत नाही. अख्खी बाटली घ्यावी लागते आणि चांगली काच फुकट जाते. परवा तिथं गेले होते. काकांना म्हटलं, "नुसते पंप ठेवा की, मी चार घेते." त्यांनी वहीत लिहून घेतलंय.