पाटीवर ‘बँक’ नव्हतं, आमच्या तोंडी होतं

आमच्या तालुक्याच्या गावात त्या संस्थेला सगळे बँकच म्हणायचे. काचेचं दार, एसी, छापील पासबुक, लॉकर, आणि आत गेलं की “या सर, बसा” म्हणून चहा. पाटीवर ‘मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. रोज त्या पाटीखालून जायचो, पण त्या शब्दांचा अर्थ कधी कुणाला विचारला नाही.

२०१९ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी, फंड हातात आला. पिग्मी गोळा करणारा मुलगा माझाच विद्यार्थी. म्हणाला, “सर, तिकडं मोठ्या बँकांत सात टक्क्यांच्या वर देत नाहीत, आपल्याकडं बारा. रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे.” तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही, त्यानं स्वतःच्या आईचे पैसेही तिथंच ठेवले होते. त्याला वरून जे सांगितलं, ते त्यानं मला सांगितलं. मी चौदा लाख ठेवले.

ठेवपावतीबरोबर आणखी एका कागदावर सही घेतली आणि शंभर रुपये घेतले. मला वाटलं खातं उघडायचा खर्च असेल. तो नाममात्र सभासदाचा अर्ज होता. क्रेडिट सोसायटीला रस्त्यावरच्या कुणाही माणसाकडून बँकेसारख्या ठेवी घेता येत नाहीत, म्हणून ठेव ठेवायला येणाऱ्याला आधी कागदावर सभासद करून घेतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून सांगितलं होतं की नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणं हा बँकिंगचाच व्यवसाय ठरतो, आणि अशा संस्थांतल्या ठेवींना विमा नाही. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. २०२२ मध्ये मुदत संपली तेव्हा मी तीच रक्कम पुन्हा गुंतवली.

पुढच्या वर्षी व्याज थांबलं. आधी “सर्व्हर बंद आहे”, मग “सोमवारी या”, मग “दिवाळीनंतर बघू”. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. पावती घेऊन गेलो तर बाहेर दीडशे माणसं उभी आणि शटर खाली. ऊसतोड करून मुलीच्या लग्नाला साठवलेले पैसे बुडालेली एक बाई पायरीवर बसून होती, ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. उत्तर आलं की ही संस्था आमच्या परवान्याखाली नाही. ती २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली, तिचा निबंधक दिल्लीत. सहकारी संस्था बँक ठरते ती तिच्याकडे १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २२ खालचा रिझर्व्ह बँकेचा परवाना असला तरच. एवढी ओळ मला साठाव्या वर्षानंतर कळली.

माझ्या साडूंचे पैसे एका नागरी सहकारी बँकेत अडकले होते. तीही बुडाली. पण ती खरी बँक होती, म्हणून ठेव विमा महामंडळाकडून, म्हणजे डीआयसीजीसीकडून, त्यांना पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळाली. फेब्रुवारी २०२० पूर्वी हीच मर्यादा एक लाख होती. मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा धरून, एका माणसाला पाच लाख. त्यांची मोठी रक्कम गेलीच, पण घर चाललं. माझ्या पावतीला तेवढाही आधार नव्हता.

आम्ही ठेवीदारांनी मिळून पोलिसांत फिर्याद दिली. राज्याच्या १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, काही मालमत्ता जप्त झाली. लिलाव होऊन वाटप कधी होईल ते कुणी सांगत नाही. मूळ पावती मात्र मी कुणाला दिलेली नाही. “दावा लावून देतो, पावती आणि दोन टक्के आगाऊ द्या” म्हणणारे दोघे घरी येऊन गेले. असे कुणी आले तर पावतीची फक्त झेरॉक्स दाखवा, पैसे देऊ नका.

गेल्या महिन्यात एसटी स्टँडासमोर नवी संस्था उघडली. साडेअकरा टक्के. माझ्याबरोबर निवृत्त झालेले एक गुरुजी चेकबुक घेऊन निघाले होते, मी त्यांच्यासोबत गेलो. मॅनेजरला विचारलं, “रिझर्व्ह बँकेचा परवाना दाखवा, आणि डीआयसीजीसीच्या यादीत तुमचं नाव कुठं आहे ते सांगा.” तो म्हणाला, आम्ही सहकार खात्याकडे नोंदलेले आहोत. गुरुजींनी चेकबुक पिशवीत ठेवलं आणि आम्ही चालत पोस्टात गेलो.