दिवाडीतील चार रात्री: एका घरगुती निवासाचे परीक्षण

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी एक बालनाट्य लिहायचे, हा माझा बारा वर्षांचा नेम आहे. यंदा मात्र चतुर्थी उलटून दिवाळी आली, तरी वहीत एकही प्रवेश उतरला नव्हता. पात्रे ठरली होती, कथानकही ठरले होते, पण दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी शोभेल असे एक वाक्य काही केल्या सुचेना. तेव्हा आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ बाईंनी गोव्यातील दिवाडी बेटावरील एका घराचा पत्ता दिला आणि "वही ने, पण उघडू नकोस," असे बजावून सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे चार रात्री राहिले. घरात पाहुण्यांसाठी तीनच खोल्या आहेत. जाहिरात झाली तर घर घर राहणार नाही, असे मालक असलेल्या वृद्ध दांपत्याला वाटते. म्हणून त्यांच्या विनंतीवरून घराचे नाव येथे देत नाही.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील एका ठिकाणी मी 'सर्जनशीलता शिबिर' केले होते. तेथे सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे वेळापत्रक छापून हातात दिले होते. त्यात विश्रांतीलासुद्धा पाऊण तासाचा तास होता आणि त्याची घंटा वाजत असे. घरी परतले तेव्हा मी जाताना होते त्याहून अधिक थकलेली होते. त्या अनुभवानंतर अशा कोणत्याही जागेविषयी मी साशंक झाले होते, हे आधीच सांगितलेले बरे.

दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी लागते आणि पायी जाणाऱ्याला त्यासाठी पैसे पडत नाहीत. प्रवास अवघ्या काही मिनिटांचा आहे, पण बोट येईपर्यंत थांबावे लागते आणि ते थांबणे आपल्या हातात नसते. मागे सें कॅथेड्रलचा उरलेला एकच मनोरा दिसत राहतो. दुसरा १७७६ साली कोसळला. रोज घड्याळाच्या काट्यावर तास घेणाऱ्या माझ्यासारखीला हे थांबणे पहिल्या दिवशी जड गेले आणि चौथ्या दिवशी तेच हवेहवेसे वाटले.

घर चिऱ्याचे, जुने, कौलारू आहे. पुढे बल्कांव, म्हणजे दारापुढचा उघडा ओटा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे, म्हणजे बाके आहेत. माझ्या खोलीच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे दुपारचे ऊन आत येताना दुधाळ होऊन येई. पहिल्या दिवशी मी टेबल खिडकीपाशी ओढून वही उघडली, तोच घरमालकीण आंटी दारात येऊन म्हणाल्या, "बाय, आदीं जेव, मागीर बरय." आधी जेव, मग लिही. जेवले आणि साडेचारपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, आणि त्याबद्दल त्या घरात कोणालाही काहीच वाटले नाही.

या निवांतपणाला गोव्यात सुशेगाद म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादु' म्हणजे शांत, निवांत या शब्दावरून आला. बाहेरचे लोक त्याचा अर्थ आळशीपणा असा करतात. तो मला कधीच पटला नाही आणि दिवाडीत राहिल्यावर तर मुळीच पटत नाही. उजाडण्यापूर्वी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत गरम पोई (गोव्याचा पाव) घेऊन दारात येतो, म्हणजे त्याची भट्टी त्याच्या कितीतरी आधी पेटलेली असते. अंकल न्याहारीपूर्वी शेताच्या बांधावर चक्कर मारून आलेले असतात. दुपारी एक वाजता दुकानाची फळी पडते, वाडा, म्हणजे सारी वस्ती, चिडीचूप होतो, तो सकाळचे काम पुरे झालेले असते म्हणून. मी मात्र वर्षानुवर्षे काम अर्धवट आणि विश्रांतीही अर्धवट अशीच घेत आले होते.

या निवासाची सर्वांत मोठी खुबी अशी की, खेळायच्या वस्तू हाताशी आहेत आणि कोणी खेळा म्हणत नाही. बल्कांवात कॅरमबोर्ड आहे, मागच्या पडवीत दोन सायकली आहेत, आणि सुट्टीसाठी आलेला आंटींचा दहा वर्षांचा नातू आहे. तो शेजारच्या दोन मुलांबरोबर अंगणात गड्ड्यांनी, म्हणजे गोट्यांनी, खेळत होता. मी तीस वर्षांत गोटी हातात धरली नव्हती. अंगठा जमिनीला टेकवून मधले बोट मागे ताणायचे, हे बोटांना आठवत होते. नेम मात्र साफ गेला होता. दुसऱ्या डावात माझी गोटी त्याच्या गोटीला लागली, असे मी ठासून म्हटले. तो गोटीशी उकिडवा बसला, नाक जमिनीपर्यंत नेऊन पाहिले आणि म्हणाला, "लागलो ना, फकत वारें लागलें!" गोटी लागली नाही, नुसता वारा लागला. माझ्या वहीतल्या मुलांनी असे एकही वाक्य उच्चारले नव्हते. ती सगळी बाईंसमोर उभी राहून बोलत होती, हे मला त्या अंगणात कळले.

तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन मळारच्या दिशेने निघाले. खाजन, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीविषयी मी वर्गात शिकवते, पण मानस, म्हणजे त्या बांधातले पाण्याचे दार, चालताना जवळून पाहिली नव्हती. बांधाच्या पोटात दगडी चौकट आणि तिच्यात लाकडी दारे. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून रेटते आणि दारे आपोआप मिटतात, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना बाहेर ढकलते आणि ती आपोआप उघडतात. मी गेले तेव्हा ओहोटी नुकतीच लागत होती. आधी फटीतून बोटाएवढी धार आली, मग लाकूड कुरकुरले, आणि मग दार हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्याने कूस बदलावी तसे उघडले. बाजूच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. मी दीड तास तेथे बसून होते. कापणी झालेल्या शेतात तेव्हा बगळ्यांखेरीज कोणी नव्हते.

त्याच संध्याकाळी नार्वेच्या फेरीने पलीकडे जाऊन सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले. या देवाचे मूळ स्थान दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ मोडल्यावर देव पलतीरी गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. परतीच्या बोटीत पाय ठेवता ठेवता नाटक सुचले: मानसीच्या दारावर पहारा करणारा एक मुलगा, ज्याला वाटते की ते दार आपणच उघडतो. फ्रेंच गणितज्ञ आन्री प्वँकारे यांना आपल्या संशोधनातली एक महत्त्वाची कल्पना, काम बाजूला ठेवून सहलीला निघताना, बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी सुचली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. त्यांच्या गणिताशी माझ्या बालनाट्याची बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण आधी पुष्कळ डोके घातलेले काम बाजूला ठेवल्यावर कोठेतरी शिजत राहते, एवढे मी आता अनुभवाने मान्य करते. आधी वहीपुढे घालवलेले दिवस फुकट गेले नव्हते, हाही दिलासा मिळाला.

जेवण घरचे, साधे आणि उत्तम. अकराच्या सुमारास पेज आणि खारातला आंबा, दुपारी शीत-कडी (भात-कालवण) व तळलेले नुस्ते, म्हणजे मासे. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगावे. उणिवाही सांगायला हव्यात. संध्याकाळी डासांचा त्रास बराच होतो आणि मच्छरदाणी एकाच खोलीत आहे. वरच्या खोलीचा जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचीच खोली मागावी. वातानुकूलन नाही. सायकलींपैकी एकीचा ब्रेक सैल होता; सांगितल्यावर अंकलनी लगेच आवळून दिला, पण ते पाहुणा येण्यापूर्वी व्हायला हवे होते. दिवसाला न्याहारीसह २२०० रुपये घेतात, जेवणाचे वेगळे. या दरात मच्छरदाणीची अपेक्षा रास्त आहे.

एका रात्रीसाठी जाण्यात अर्थ नाही. पहिला दिवस झोपेतच जातो आणि तो तसाच जाऊ द्यावा लागतो. तीन रात्री तरी हव्यात, आणि मोठी गाडी असल्यास ती जुन्या गोव्यातच ठेवून पायी बोटीत चढणे सोयीचे. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याला जायचे असेल, तर रायबंदरला जाऊन दुसरी फेरी धरावी लागते. मी हा बेत पुढच्या खेपेसाठी राखून ठेवला आहे. ज्यांना पत्ता हवा असेल त्यांना मी मालकांना विचारून कळवीन. खोली फोनवरूनच सांगावी लागते, आणि एक ते चार या वेळेत तो फोन कोणी उचलत नाही, म्हणून सकाळी करावा.