बलेनोचे टायर बदलताना: १५ इंची की १६ इंची?

बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर१६ टायर येतात, खालच्याला १८५/६५ आर१५. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा आतल्या रिमचा व्यास इंचांत.) दोन्हींचा टायरसकट एकूण व्यास जवळपास सारखा, सुमारे ६२१ मिलिमीटर; म्हणजे बदलले तरी स्पीडोमीटर चुकत नाही. खरा फरक टायरच्या भिंतीच्या उंचीत: सोळाची १०७ मिलिमीटर, पंधराची १२०. या जादा १३ मिलिमीटरमुळे खड्ड्याचा दणका आधी टायर झेलतो, मग उरलासुरला कमरेपर्यंत येतो. पंधराची रुंदीही कमी, त्यामुळे सिमेंटच्या रस्त्यावरची घरघर थोडी उतरते.

सोळा इंची वळणावर घट्ट बसतात, दिसतातही देखणे. पण मागच्या सीटवर आईबाबा बसणार असतील तर मी पंधराच घेईन. नव्या रिमचा खर्च मात्र धरा.