लेफ्टनंट जनरल थोरातांचे आत्मचरित्र : जुनी प्रत, पण घ्यावी अशी

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे इंग्रजी आत्मचरित्र मी बरीच वर्षे शोधत होतो. अखेर जुनी पुस्तके घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडे ते मिळाले. ‘उत्तम स्थितीत’ असे सांगून पाठवलेल्या त्या प्रतीची शिवण उसवलेली होती आणि शेवटच्या दहा-बारा पानांच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. मजकूर मात्र शाबूत होता, म्हणून मी ती परत केली नाही, आणि त्याचा मला आनंदच आहे.

१९०६ साली जन्मलेल्या या कोल्हापूरकर अधिकाऱ्याची सँडहर्स्ट या ब्रिटिश लष्करी अकादमीतील घडण मी भरभर वाचली. दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशच्या आराकानात मात्र रेंगाळलो. १९४५ च्या जानेवारीत कांगॉच्या लढाईत थिमय्या, सेन आणि थोरात हे तिघे भारतीय अधिकारी एकाच ब्रिगेडमधील आपापल्या पलटणींचे नेतृत्व करत होते आणि तिघांनाही डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. सैनिकी संज्ञांची सवय नसलेल्याने हा भाग नकाशा शेजारी ठेवूनच वाचावा.

कोरियातला प्रसंग मी दोनदा वाचला. १९५३ मध्ये, कोरियन युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी थोरातांच्या भारतीय दलावर होती. कैद्यांनी भारतीय दलातील मेजर ग्रेवाल यांना पकडून ठेवले, तेव्हा गोळीबाराचा हुकूम देण्याऐवजी थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र तारेच्या कुंपणाआड त्या जमावात शिरले आणि केवळ बोलून ग्रेवालांना सोडवून घेऊन आले.

पुस्तकाचे खरे मोल मला थोरात लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असतानाच्या प्रकरणात वाटते. ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) चीनपासूनच्या संरक्षणाबद्दल सविस्तर टिपण पाठवले आणि मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ हा लष्करी सराव घेतला. थेट सीमारेषेवर अडून न बसता मागे, आपली रसद पोहोचेल आणि शत्रूची लांबलेली रसद त्याला जड जाईल अशा ठिकाणी झुंजावे, असे त्यांचे म्हणणे होते. संरक्षणमंत्री मेनन यांनी ते मानले नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांना ते आपल्या जागी हवे होते, पण लष्करप्रमुखपद थापर यांच्याकडे गेले. पुढे १९६२ मध्ये चीनकडून पराभव झाल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले, तेव्हा ते टिपण नेहरूंपर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, हे उघड झाले. एवढे सोसूनही लेखक आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच ती पाने वाचताना माझा जीव कासावीस झाला.

प्रत मागवण्यापूर्वी शिवणीचे आणि शेवटच्या पानांचे छायाचित्र विक्रेत्याकडून अवश्य मागून घ्यावे.