जुन्या पुस्तकांचा ओसीआर: पाने रॉमध्ये घ्यावीत की जेपेगमध्ये?

दुर्मिळ पुस्तक ग्रंथालयवाले स्कॅनरवर पालथे घालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, शिवण उसवते. मग कॅमेरा उरतो. फोटोंवरून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, शेवटी संपादन करता येईल असा मजकूर मिळवायला रॉ (कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून लहान केलेली फाइल) या दोन्ही वाटांनी मी गेलो आहे.

जेपेगची बाजू लंगडी नाही. फाइल लहान असते आणि टेसेरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम ती थेट वाचतो. निकॉनच्या एनईएफ, कॅननच्या सीआर३ अशा रॉ फायली तो उघडत नाही. आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपी अशा सॉफ्टवेअरमध्ये डेव्हलप करून, म्हणजे उजेड-रंग ठरवून, टिफ ही चित्राची फाइल काढावी लागते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात डेमी आकाराची समोरासमोरची दोन पाने एका फ्रेममध्ये घेतली, तरी ४०० डीपीआयच्या (दर इंचाला ठिपके) आसपास मिळतात आणि टेसेरॅक्टचे ३००मध्ये भागते. म्हणजे पिक्सेलच्या हिशेबात दोन्ही सारखेच. खिडकीजवळचे टेबल, ट्रायपॉड आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० इतके जमत असेल, तर जेपेगवरून निघालेला मजकूर मला रॉइतकाच चांगला वाटला.

पण ग्रंथालयात बहुधा ट्यूबलाइट असते आणि ट्रायपॉड दाराशीच ठेवावा लागतो. आयएसओ चढतो आणि कॅमेरा जेपेग बनवताना नॉइज, म्हणजे त्यामुळे फोटोवर येणारे दाणे, पुसायला लागतो. खिळ्यांच्या छपाईतला बारीक अनुस्वार आणि नॉइजचा ठिपका यांतला फरक त्याला कळत नाही. मेन्यूत नॉइज रिडक्शन कमी करता येते, पण माझ्या कॅमेऱ्यात ते पूर्ण बंद होत नाही.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल असते: केलें, घरीं, त्यानें. ठिपका गेला की ओसीआर ‘केले’, ‘घरी’, ‘त्याने’ देतो, आणि आजच्या लेखनात हे सगळे शब्द बिनचूक आहेत. ‘पुस्तक’चे ‘पुस्तफ’ झाले तर डोळा अडतो, स्पेलचेकही लाल रेघ मारतो. इथे दोघेही गप्प राहतात. शिवाय काही ठिकाणी अर्थच फिरतो. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, तर ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन; ‘तीं’ म्हणजे बरीच मुलें आणि ‘ती’ म्हणजे एकटी मुलगी. अशा वेळी मूळ पान शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे लागते, आणि ओसीआरने वाचवलेला वेळ तिथेच जातो. त्यातून टेसेरॅक्टचा मराठी डेटाही आजच्या लेखनाकडे झुकतो असे मला वाटते, म्हणून ठिपका ठळक असणे आणखीच गरजेचे.

रॉमध्ये नॉइज रिडक्शन करायचे की नाही, हे आपल्या हातात राहते. मी ते करतच नाही. पान थोडे दाणेदार दिसते, पण त्या दाण्यांचा ओसीआरला फारसा त्रास होताना मी पाहिला नाही. पिवळ्या, डागाळलेल्या कागदासाठी ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनेलला जास्त वजन दिले की डाग फिके होतात आणि शाई काळीच राहते. सगळे अनुस्वार परत येतात असा माझा दावा नाही. खिळाच झिजलेला असेल तर कोणतीही फाइल काही करू शकत नाही. तरी तपासताना खूपच कमी अडायला झाले.

खर्च आहे. एकेक रॉ फाइल सहज २५-३० एमबीची होते, कार्ड लवकर भरते आणि टिफ काढायला लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा लागतो. नव्या लेखनातले पुस्तक आणि बरा उजेड असेल, तर एवढा खटाटोप करा असे मी म्हणणार नाही, जेपेग खुशाल घ्या. पुस्तक जुन्या लेखनातले असेल तर मात्र निदान रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याची सेटिंग ठेवा. आधी एकच पान डेव्हलप करून ओसीआर करा, त्यातले अनुस्वार मूळ पानाशी मोजून पाहा आणि मगच ती स्टाइल, म्हणजे डेव्हलप करतानाच्या जतन केलेल्या सेटिंग, बाकीच्या पानांना लावा.