टाइमशीट: टायमर हाताने लावायचा की आपोआप नोंद होऊ द्यायची?

टाइमशीटसाठी, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ गेला याच्या नोंदीसाठी, सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं की चर्चा किमतीवरून सुरू होते. पण आधी हे ठरवा की ही नोंद वाचणार कोण: तुम्ही, बिल भरणारा ग्राहक, की साहेब? बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं.

टॉगल ट्रॅक आणि क्लॉकिफाय ही हाताने लावायच्या टायमरची नेहमीची नावं. काम सुरू करताना प्रोजेक्ट निवडायचा, बटण दाबायचं, संपलं की थांबवायचं. नोंद होतानाच काम कुणाचं ते ठरलेलं असतं, त्यामुळे बिल काढणं सोपं. पाच जणांपर्यंत टॉगल फुकट आहे, म्हणजे कोथरूडमधल्या छोट्या डिझाइन स्टुडिओचं भागतं. गोची एकच. मध्येच दुसऱ्या ग्राहकाचा फोन येतो, तुम्ही त्याची फाइल उघडता आणि टायमर मात्र पहिल्याच्याच नावावर पळत राहतो. शुक्रवारी संध्याकाळी मग आठवून आठवून तास भरायचे, आणि रोजचे बरोबर आठ भरतात. असे गोल आकडे दिसले की समजावं, अंदाजपंचे दाहोदरसे आहे.

अॅक्टिव्हिटीवॉच किंवा मॅनिकटाइमला बटण दाबावं लागत नाही. स्क्रीनवर कुठली विंडो पुढे होती, तिचं शीर्षक काय, कधीपासून कधीपर्यंत, एवढं ते मुकाट्याने टिपत राहतात. अॅक्टिव्हिटीवॉच मोफत आणि मुक्तस्रोत आहे, नोंदी तुमच्याच मशीनवर राहतात. तीन मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही, तर तुम्ही जागेवर नाही असं ते धरतं. हा आकडा बदलता येतो. लिनक्सवर वेलँड (स्क्रीनवर विंडो दाखवणारी नवी यंत्रणा) वापरत असाल तर विंडोची नोंद होते का, ते आधी तपासा.

पण आपोआप झालेली नोंद म्हणजे टाइमशीट नव्हे. सदाशिव पेठेतलं एखादं सीएचं ऑफिस घ्या. जीएसटीची विवरणपत्रं भरायची: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. दिवसभर तेच पोर्टल, तेच लॉगिन, फक्त अशील बदलतात. लॉगमध्ये दिसतं काय? ब्राउझर, जीएसटी पोर्टल, साडेतीन तास. त्यात कुणाचे किती, ते शीर्षकावरून कळायला मार्ग नाही. एक्सेलमध्ये निदान फाइलचं नाव दिसतं, पण ते ‘फायनल २ नवीन’ असेल तर कपाळ! फाइलच्या नावात अशिलाचं छोटं नाव घालायची सवय लावली, तर याच लॉगचा उपयोग कितीतरी वाढतो. भोसरीत ग्राहकाच्या वर्कशॉपवर ड्रॉइंग तपासायला गेलात तर अख्खी दुपार लॉगमध्ये ‘गैरहजर’. आणि व्हॉट्सअॅप वेबची वीस मिनिटं? ती ग्राहकाची होती की मावसभावाच्या साखरपुड्याची, ते तुम्हालाच माहीत.

तिसरा प्रकार पाळतीचा. हबस्टाफ स्क्रीनशॉट घेऊ शकतं आणि कीबोर्ड-माउसच्या हालचालीवरून टक्केवारी काढतं. अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर तासाच्या दराने काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा: वेळेचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला एक स्क्रीनशॉट. पैशाची हमी त्यावरच मिळते, म्हणून तिथे तो सोसावा. स्वतःच्या ऑफिसात हे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कागदावर गणित मांडणारा इंजिनिअर त्यात रिकामटेकडा ठरतो आणि उगाच स्क्रोल करत बसलेला मेहनती. आणायचंच असेल तर काय टिपलं जातं, किती दिवस ठेवलं जातं आणि कोण बघतं, हे माणसांना आधी लेखी सांगा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला थोडी सवलत आहे, म्हणजे मोकळं रान नव्हे.

आता निवड. दिवसभर दोन-तीनच प्रोजेक्ट असतील तर हाताचा टायमर पुरे. ग्राहक बरेच आणि कामं पाच-दहा मिनिटांची असतील, तर आपोआप नोंद चालू ठेवा, पण ती फक्त स्वतःला दिसेल अशी. रोज निघायच्या आधी दहा मिनिटं बसून त्यावरून टाइमशीट हाताने भरा. टॉगलच्या डेस्कटॉप अॅपमधली टाइमलाइन याच कामाची आहे: ती फक्त तुम्हाला दिसते आणि तिच्यातला हवा तेवढाच तुकडा नोंद म्हणून उचलता येतो. टायमर आणि लॉग एकाच ठिकाणी हवे असणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. डेटा मशीनबाहेर जायला नको असेल, तर अॅक्टिव्हिटीवॉच.