ड्रायव्हरच्या ‘लायसन्स’चे पैसे मागणारा फोन

माइक संगणकाला जोडणारी पेटी म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, आणि संगणकाला ती ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर म्हणजे तिचा ड्रायव्हर. या ड्रायव्हरसाठी वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. त्याची मुदत संपत नाही, त्याचं वर्षाला नूतनीकरण नसतं. ज्या कंपनीचा इंटरफेस आहे तिच्याच साइटवर, डाउनलोडच्या पानावर तो फुकट ठेवलेला असतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं म्हणून लिहिते आहे, कारण अशाच एका नसलेल्या लायसन्सच्या नावाखाली माझ्याकडून पैसे उकळले गेले.

मी घरून ऑडिओबुकसाठी वाचन करते. कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस, विंडोजचा संगणक, एवढाच पसारा. मध्यंतरी इंटरफेस मधेच गायब व्हायला लागला. वाचता वाचता रेकॉर्डिंग थांबायचं, स्क्रीनवर ‘ऑडिओ डिव्हाइस सापडत नाही’ असा निरोप यायचा, आणि इंटरफेसवरचा दिवा मात्र लागलेलाच असायचा. केबल काढून परत लावली की थोडा वेळ सुरळीत, मग पुन्हा तेच. प्रकरणं पाठवायची तारीख तोंडावर आली होती.

सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकून पुढे ‘सपोर्ट’ असं लिहिलं. सगळ्यात वर जे आलं त्यात कंपनीचं नाव होतं, लोगो होता आणि मोठ्या आकड्यांत फोन नंबर होता. ती जाहिरात होती. पत्त्यातलं डोमेनही कंपनीचं नव्हतं. तिच्या नावाला आडवी रेघ देऊन पुढे ‘सपोर्ट’ जोडलं होतं. अशा पानावर बाकी काही बघू नका, पत्त्याची पट्टी बघा. लोगो कुणीही उचलतो.

फोनवरचा माणूस अतिशय नम्र होता, आणि त्याला विषय कळत होता. मॉडेल कुठलं, फर्मवेअर (इंटरफेसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का, बफर साइझ (आवाज ज्या तुकड्यांत साठवून पुढे पाठवला जातो त्यांचा आकार) १२८ आहे की २५६, प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झवर आहे की ४८वर, सगळं रीतसर विचारलं. फसवणारे अडाणी असतात आणि बोलण्यावरून ओळखू येतात, या भरवशावर कुणी राहू नये. मग तो म्हणाला, “मॅडम, तुमचा संगणक मला एकदा बघावा लागेल,” आणि दुरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर माझ्याकडून टाकून घेतलं.

आता पुढचं नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे. त्याने विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी समोर आली. “या सगळ्या एरर तुमच्या ऑडिओ ड्रायव्हरच्या आहेत. व्हायरस पोर्टपर्यंत पोचलाय.” इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही आहे. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, नेटवर्क क्षणभर तुटलं, तरी तिथे नोंद पडते. अगदी धडधाकट संगणकावरही अशा नोंदींचा ढीग असतो. आत्ता तुमच्या संगणकावर उघडून बघा, तुम्हालाही दिसेल. न बघितलेल्या माणसाला ती यादी भयंकरच वाटते, आणि याच भीतीवर हा सगळा धंदा चालतो.

त्यानंतर “स्कॅन करतो” म्हणत त्याने माझा स्क्रीन काळा केला. दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते: समोरच्याला काळा पडदा दिसतो आणि पलीकडचा आपलं काम करत राहतो. स्क्रीन परत आला तेव्हा डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाच्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडा होता. माझ्या इंटरफेसच्या नावाशेजारी चिन्हावर खाली तोंड केलेला छोटा बाण होता. “हे बघा, ड्रायव्हर लॉक झालाय. लायसन्स संपलं की असंच होतं.” त्या बाणाचा अर्थ एवढाच की कुणीतरी ते उपकरण बंद, म्हणजे ‘डिसेबल’ केलं आहे. उपकरणात किंवा ड्रायव्हरमध्ये खरोखर बिघाड असेल तर तिथे पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह दिसतं. म्हणजे काळ्या पडद्याआड त्याने स्वतःच माझा इंटरफेस बंद केला होता आणि तो सुरू करायचे पैसे मागत होता.

कार्डाने पैसे गेले. लगेच बाण गेला, आवाज आला, “लाइफटाइम लायसन्स” असं लिहिलेली पावती ईमेलवर आली. दुसऱ्या दिवशी इंटरफेस पुन्हा गायब. परत फोन केल्यावर उत्तर मिळालं, की तुमच्या संगणकासाठी वरचा प्लॅन घ्यावा लागेल. तिथे माझे डोळे उघडले.

खरा दोष काय होता ते साउंड इंजिनिअर असलेल्या एका मैत्रिणीने फोनवर बोलता बोलता शोधलं, माझ्या संगणकाला हातही न लावता. इंटरफेस ज्या यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावला होता त्याला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि माझ्या हबवर त्यातच कीबोर्ड आणि बाहेरची हार्ड डिस्कही भागत होती. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, चालू केली की इंटरफेसची भूक आणखी वाढते. दिवा लागायला पुरेशी वीज मिळायची, पण संपर्क टिकायला नाही. त्यात विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टला लावला, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या (संगणकाच्या आतल्याच यूएसबी हबच्या) पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढली. तेव्हापासून एकदाही संपर्क तुटलेला नाही.

कुठलाही नंबर फिरवण्याआधी एवढं घरच्या घरी बघून घ्या. दिवा लागतो पण संगणकाला काहीच दिसत नाही, तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. आवाज येतो पण तडतडतो, तर विंडोजमधला आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झसारखा आकडा) एकच आहे का ते पाहा, मग बफर वाढवा. इंटरफेस दिसतो पण माइक मुका, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी तपासा. मॅकवर नवा ड्रायव्हर टाकल्यावर सिस्टीम सेटिंग्जमध्ये त्याला मंजुरी द्यायची राहून जाते. पुष्कळ इंटरफेस तर क्लास कम्प्लायंट असतात, म्हणजे मॅकवर ड्रायव्हरशिवायच चालतात. विंडोज १०मध्येही २०१७पासून यूएसबी ऑडिओ २.०चा ड्रायव्हर मुळातच आहे.

माझ्यासारखं कुणाला आत घेऊन बसला असाल तर आधी इंटरनेट तोडा. ते दुरून चालवायचं सॉफ्टवेअर काढून टाका. माझ्याकडे त्याने कायमचा पासवर्ड ठेवून दिला होता, म्हणजे न विचारता केव्हाही शिरता यावं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, आणि पहिला ईमेलचा. बँकेला कळवून मी कार्ड बंद केलं, व्यवहारावर हरकत नोंदवली. रेकॉर्डिंगच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून विंडोज नव्याने टाकलं. सर्चवरच्या त्या जाहिरातीची तक्रारही केली.

आणि हे संपल्यावरही एक फोन येतो. मला आला. “आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत द्यायचे आहेत, फक्त एक फॉर्म भरा.” आवाज वेगळा, पण माझं मॉडेल, भरलेली रक्कम, तारीख सगळं तोंडपाठ. परतावा द्यायचा म्हणून पुन्हा संगणकात शिरायचं, तुमच्यासमोर बँकेचं पान उघडायला लावायचं, पानावरचा आकडा बदलून ‘चुकून जास्त पैसे आले’ असं दाखवायचं आणि वरचे पैसे परत मागायचे, अशी ही दुसरी खेप असते. मी त्याला एवढंच सांगितलं, की पैसे द्यायचे असतील तर ज्या कार्डावरून घेतले त्यावरच परत करा, त्याला माझ्या संगणकाची गरज नाही. फोन तिकडूनच बंद झाला.